चाळीस अंशांची चूक

मी एका पांढऱ्या गाडीच्या स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्यापाशी राहतो. मित्रांनो, खाली वाकून पाहिल्याशिवाय मी तुम्हाला दिसायचा नाही. आगपेटीपेक्षा जरा मोठा, काळा, एका कोपऱ्यावर तडा गेलेला असा मी जुना स्कॅनर आहे. आजकालच्या प्रत्येक गाडीत एक छोटा संगणक असतो. इंजिन किती तापले, बॅटरीत किती जोर आहे, कुठला सेन्सर रुसला आहे, हे सारे त्याला ठाऊक असते. पण त्याला आपण होऊन ते कोणाला सांगता येत नाही. त्याचे म्हणणे ऐकायचे आणि मोबाइलच्या पडद्यावर पोचवायचे, हे माझे काम.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. पट्ट्यावरून सरकत आलो, कोणीतरी माझा निळा दिवा लागतो का ते पाहिले आणि मला खोक्यात बंद केले. मी खरे डोळे उघडले ते डहाणू तालुक्यात, गंजाडच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गॅरेजात. खोके उघडणारे हात मयूरीचे होते.

मयूरी वरोरची. तिचे वडील चंद्रा यांची मासेमारीची बोट होती. बोटीचे इंजिन कुरकुरू लागले की ते कान लावून बसत आणि दोष नेमका ओळखत. लहानपणी मयूरी त्यांच्या शेजारी बसून ऐकायची. पुढे ती आयटीआयला गेली, मोटार मेकॅनिक झाली आणि गंजाडला तिने स्वतःचे गॅरेज टाकले. सुरुवातीला गिऱ्हाईक गाडीतून उतरून तिलाच विचारायचे, "मेकॅनिक कुठे गेलाय?"

"समोर उभी आहे," मयूरी म्हणायची. "काय होतंय गाडीला?"

मला ती फार जपायची. ऑइलचे हात चिंधीला पुसल्याशिवाय तिने मला कधी हातात धरले नाही. पहिल्याच महिन्यात बर्फ वाहणारा एक टेम्पो आला. दुसरीकडे त्याला इंजिन उघडावे लागेल असे सांगितले होते. मी दोन मिनिटांत सांगितले की बिघाड एका छोट्या सेन्सरचा आहे. तेव्हापासून लोक मयूरीला विचारू लागले, "तुमचं ते मशीन आहे ना? ते लावून बघा की!" खरे सांगतो मित्रांनो, मला त्याचा थोडा गर्व झाला होता.

याच गॅरेजात ती पांढरी गाडी यायची. डहाणूच्या काही चिकूवाडीवाल्यांनी मिळून ती जुनी गाडी घेतली होती. तलासरीकडच्या पाड्यांवर असे काही रुग्ण होते ज्यांच्या किडन्या काम करत नव्हत्या. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी डहाणूच्या रुग्णालयात यावे लागे. यंत्रातून रक्त स्वच्छ करून घ्यायचे, तेव्हा कुठे पुढचे तीन-चार दिवस धड जायचे. एक पाळी चुकली तरी त्यांच्या अंगात पाणी साठू लागे. अशा पाच जणांना आणण्या-नेण्यासाठी ती गाडी होती. तिचा कारभार सदानंदकाका बघत. त्यांची स्वतःची मोठी चिकूची वाडी होती. माणूस सरळ, पण तापट.

गाडी चालवायचा लाहू. तो तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावर राहायचा. आधी त्याने बरीच वर्षे हायवेवर ट्रक चालवला होता. आता तो पाच आजारी माणसे अशी न्यायचा की जणू काचेची भांडी नेतोय. त्या पाचांत नवशीमावशी सगळ्यांत मोठ्या. खड्डा आला की लाहू आधीच ओरडायचा, "मावशी, धरा!" आणि मावशी म्हणायच्या, "धरलंय रे बाबा, तू पुढं बघ."

ती गाडी ऑटोमॅटिक होती. अशा गाडीत पायाशी क्लच नसतो, गिअर आपले आपण बदलतात. इंजिनचा जोर चाकांकडे जातो तो तेलाच्या मदतीने. हे तेल गिअरबॉक्समध्ये सतत घुसळले जाते आणि तापते. शंभर अंशांच्या आसपास ते खुशाल असते. एकशे वीसच्या वर गेले की करपू लागते, आणि तेल करपले की गिअरबॉक्स जातो. गंमत अशी की त्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा ताप दिसायचा, पण गिअरबॉक्सचा दिसत नव्हता.

"गिअरबॉक्स गेला तर ही गाडी परत उभी राहायची नाही," सदानंदकाका एकदा मयूरीला म्हणाले. "तुझ्या मशीनला त्याचा ताप कळेल का?"

मला ते शिकवलेले नव्हते. इंजिनाचे तापमान विचारायची रीत सगळ्या गाड्यांत एकच असते. गिअरबॉक्सचे मात्र प्रत्येक कंपनी आपल्या गुप्त भाषेत लिहून ठेवते. मयूरीने इंटरनेटवर शोधाशोध केली. कुठल्याशा चर्चेच्या पानावर तिला त्या गाडीचा संकेतांक सापडला. तो तिने मोबाइलमध्ये भरला. दुसऱ्या दिवशी लाहू रुग्णांना घरी सोडून परत आला, तेव्हा तिने मला गाडीत बसवले. योगायोगाने सदानंदकाकाही तिथेच होते.

मी गाडीच्या संगणकाला प्रश्न विचारला. त्याने उत्तर दिले. पडद्यावर आकडा उमटला, एकशे अडतीस.

सदानंदकाकांचा चेहरा उतरला. "एकशे अडतीस? मयूरी, हे बरोबर आहे ना?"

"मशीन सांगतंय, काका," मयूरी म्हणाली.

काका लाहूकडे वळले. "काय करतोस रे गाडीचं? चढावर रेस धरून उभी ठेवतोस? की परतीला कोणाचा माल भरतोस?"

लाहूने आधी पडद्याकडे पाहिले, मग गाडीकडे. "शेठ, तेल तापलं की वास येतो, करपल्यासारखा. गिअर बदलताना धक्का बसतो. आज तसं काहीच नव्हतं. तुम्ही स्वतः चालवून बघा."

"वासावर चालवायची का आता गाडी? इथे आकडा लिहून आलाय!"

"पाच पेशंट भरतो, शेठ. तेवढाच माल."

हे लाहू अगदी हळू बोलला. पण काकांना तो उलट जबाब वाटला. त्यांनी हात पुढे केला. लाहूने चावी त्यांच्या हातावर ठेवली, पायातल्या चपला झटकल्या आणि रस्त्याकडेने चालू लागला. मयूरीने काही बोलायला तोंड उघडले, पण पडद्यावर तो आकडा अजून चमकत होता.

गाडी गॅरेजच्या शेडमध्ये उभी राहिली. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन गिअरबॉक्स उघडायचा असे ठरले. काका नवा चालक शोधू लागले, पण ऑटोमॅटिक गाडीचा आणि आजारी माणसांचा सराव असलेला कोणी मिळेना. पाचही रुग्ण आता वडाप म्हणजे भाड्याच्या, खच्चून भरलेल्या जीपमधून, चारोटीला गाडी बदलून येऊ लागले.

एके दिवशी नवशीमावशी गॅरेजसमोर उतरल्या. त्यांच्या पायांवर सूज होती. शेडमधल्या गाडीकडे पाहत त्यांनी विचारले, "मयूरी, हिला काय झालं गं? लाहू कुठं गेला?"

"गाडी जास्त तापते, मावशी. लाहूदादांनी नीट चालवली नाही, असं काकांना वाटतं."

"लाहूनं?" मावशी हसल्याच. "अगं, मना उलटी होईल म्हणून तो वळणावर गाडी अशी फिरवायचा की मांडीवरचा डबा हलायचा नाही. त्याला बोलणाऱ्यानं आधी मना विचारायचं होतं."

त्या पुढच्या जीपमध्ये चढल्या. बसायला जागा नव्हती.

अकराव्या दिवशी रुग्णालयातल्या हिरकणी सिस्टरचा फोन आला. डायलिसिसच्या खोलीत त्याच असायच्या. फोन स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आले. "नवशीमावशींना काल ॲडमिट केलं. जीप मिळाली नाही म्हणून दोन पाळ्या चुकल्या. छातीत पाणी भरलंय. तुमची ती गाडी कधी सुरू होणार आहे?"

मयूरीने लगेच वर्कशॉपला फोन लावला आणि उद्याच गाडी न्यायला यायला सांगितले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट आणि सगळ्यांत चांगला दिवस त्याच्या दुसऱ्या सकाळी उगवला. भातझोडणीचे दिवस होते, हवेत गारवा होता. वर्कशॉपची टोइंग गाडी दहाला येणार होती. जाण्याआधी एकदा शेवटचे पाहावे म्हणून मयूरीने मला गाडीत बसवले. इंजिन सुरू न करता तिने फक्त चावी एक घर फिरवली. मी उत्तरे आणली. बाहेरची हवा, चोवीस अंश. इंजिन, चोवीस अंश. गिअरबॉक्स, चौसष्ट अंश.

मयूरी पडद्याकडे पाहत राहिली. अकरा दिवस जागची न हललेली गाडी. इंजिन थंड, हवा थंड, आणि गिअरबॉक्स तेवढा गरम? तिने चटकन जमिनीवर पोते टाकले, गाडीखाली सरकली आणि गिअरबॉक्सच्या तळाला तळहात लावला. तो गार होता.

ती बाहेर आली ती रडवेली होऊन. धावत जाऊन तिने ते इंटरनेटचे पान पुन्हा उघडले. संकेतांकाच्या खूप खाली, कोणीतरी नंतर एक ओळ लिहिली होती, की आलेल्या आकड्यातून चाळीस वजा करा. गाडीचा संगणक असे का करतो, ते सांगतो. त्याला शून्याच्या खालचे आकडे लिहिता येत नाहीत. बर्फाळ प्रदेशातली थंडीही मोजता यावी म्हणून तो प्रत्येक तापमानात आधीच चाळीस मिळवून ठेवतो. वाचणाऱ्याने ते वजा करायचे असतात. इंजिनाचे आणि हवेचे मोबाइल आपोआप वजा करी, पण गिअरबॉक्सचे वजा करायला मयूरीने त्याला शिकवले नव्हते. चौसष्टातून चाळीस गेले, राहिले चोवीस. आणि त्या दिवशीच्या एकशे अडतीसांतून चाळीस गेले की राहत होते अठ्ठ्याण्णव. गाडी ठणठणीत होती. लाहू खरा होता.

मी मुद्दाम खोटे बोललो नव्हतो. संगणकाने दिले तेच मी आणले होते. पण माझ्यामुळे एका भल्या माणसाच्या हातातली चावी गेली होती, आणि एक म्हातारी बाई नळ्या लावून पडली होती. यंत्राला लाज वाटते का, हे मला माहीत नाही. त्या सकाळी मला जे वाटले त्याला दुसरे नाव सापडत नाही.

मयूरीने टोइंगवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितले. मग काकांना बोलावले. काका आले, सगळे ऐकून खुर्चीत बसले.

"तू तर म्हणालीस मशीन सांगतंय."

"मशीनला मीच शिकवलं होतं, काका. अर्धवट शिकवलं. चूक माझी आहे."

काकांनी चष्मा काढून पुसला. "आकडा तुझा चुकला. पण मालाचं मी विचारलं. ते कुठल्या मशीनने सांगितलं होतं?" मग ते उठले. "चल. गाडी काढ. त्याच्या घरी जाऊ."

लाहूच्या अंगणात भाताचे भारे रचलेले होते. लाहू फळीवर पेंढी आपटत होता, त्याची बायको रूपी दाणे सारत होती. आपली गाडी येताना दिसली तसा त्याचा हात थांबला, पण तो पुढे आला नाही. मी गाडीतच होतो. दार उघडे होते म्हणून सगळे ऐकू येत होते.

मयूरीने काही न लपवता सांगितले. चाळीसचे गणित, गार गिअरबॉक्स, सगळे. काका म्हणाले, "लाहू, मी चुकलो. नको ते बोललो."

लाहूच्या आधी रूपीच बोलली. "अकरा दिवस हा माणूस घरात बोलला नाही. पाड्यावर जो तो विचारतो, गाडी का काढून घेतली? चोरी केली का? काय सांगायचं आम्ही?"

लाहूने हातातली पेंढी खाली ठेवली.

"नवशीमावशी कशी आहे?"

"ॲडमिट आहे," मयूरी म्हणाली.

लाहू रांजणापाशी गेला, त्याने हातपाय धुतले, दोरीवरचा सदरा अंगात घातला. "चला. आधी तिला बघू. बाकीचं वाटेत."

काकांनी चावी त्याच्या हातावर ठेवली. कासा गावाकडून येणारा रस्ता मिळतो तिथे त्याने गाडी जरा हळू केली. मग तो म्हणाला, "शेठ, आकडा खोटा निघाला, त्याचा राग नाही. आकडा बघितल्यावर तुम्ही मला विचारलं नाही, त्याचा आहे."

"खरं आहे," काका म्हणाले. "आणि पाड्यावर मी स्वतः येऊन सांगेन, की गाडीत काही दोष नव्हता आणि तुझ्यातही नव्हता." पुढच्याच रविवारी ते गेले आणि चार लोकांसमोर तसे बोलून आले. नवशीमावशींना रुग्णालयातून सुटायला आठ दिवस लागले. त्यांना घरी लाहूनेच सोडले.

मला मात्र मयूरीने एका पत्र्याच्या डब्यात ठेवून दिले. खाली जुने स्क्रू, वर मी. गिऱ्हाईकाने मशीन लावायला सांगितले तरी ती म्हणायची, "आधी हाताने बघू." तिचा राग स्वतःवर होता, पण डब्यात मी होतो. चार महिने माझा निळा दिवा लागला नाही. ओल धरून माझ्या दोन पिना काळवंडल्या.

मला बाहेर कोणी काढले असेल, सांगा बरे? लाहूने!

"ते मशीन मला द्या," तो एक दिवस मयूरीला म्हणाला. "गाडीत कायमचं लावून ठेवतो."

मयूरी चकित झाली. "त्याच मशीनमुळे तुमचं एवढं झालं, लाहूदादा."

"माझ्या नाकाला वास येतो तोवर तेल करपायला लागलेलं असतं. हा त्याच्या आधी सांगेल. आणि हा चुकला तर मी आहे की."

मयूरीने माझ्या पिना घासून लखलखीत केल्या, मोबाइलमधले गणित तीनदा तपासले. एक जुना मोबाइल डॅशबोर्डवर बसवला. तेव्हापासून रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी लाहू चावी एक घर फिरवतो. हवा, इंजिन, गिअरबॉक्स, तिन्ही आकडे सारखे दिसले की मान डोलावतो. मगच निघतो.

आणि मग चैत्रातली ती यात्रा आली. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला माणसांचा पूर लोटला होता. हायवेवर गाड्या मुंगीच्या गतीने सरकत होत्या. ऊन असे, की डांबर चिकटत होते. आमच्या गाडीत पाचही रुग्ण होते. मी आकडे पाठवत होतो. अठ्ठ्याण्णव. एकशे सहा. एकशे तेरा. पुलाच्या चढावर एकशे एकोणीस.

लाहूने नाक वर करून हुंगले. वास नव्हता. इतक्यात पडद्यावर एकशे बावीस आले. मागच्या वेळी असाच आकडा खोटा ठरला होता, आणि आजही त्याला वास येत नव्हता. त्याने काय करावे? माझा जीव टांगणीला लागला. या वेळी मी खरे सांगत होतो. पण ते त्याने का मानावे?

लाहूने सकाळचे तिन्ही आकडे आठवले असावेत. तेव्हा मी बरोबर होतो. त्याने डावीकडचा दिवा लावला आणि गाडी रस्त्याच्या कडेला, एका झाडाच्या सावलीत घेतली.

"उभी का केली?" मागून आवाज आला. "पाळी चुकेल ना!"

"गाडीला ताप चढलाय. दहा मिनिटं द्या, नाहीतर ही इथेच बसेल आणि मग कोणीच पोचणार नाही." त्याने दांडा पार्कवर टाकला, एसी बंद केला, इंजिन मात्र चालू ठेवले, म्हणजे तेल फिरत राहते आणि पुढच्या जाळीत निवते. त्याने हिरकणी सिस्टरना फोन लावला. "सिस्टर, उशीर होईल, पण येतोय. जागा देऊ नका कोणाला." मग तो गाडीच्या पुढे जाऊन वाकला. तेल थंड करणाऱ्या जाळीला एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी चिकटून बसली होती. कुठल्याशा टेम्पोतून उडालेली. त्याने ती काठीने हलकेच सोडवली.

खिडक्या उघडल्या होत्या. नवशीमावशी पदराने वारा घेत होत्या. मी आकडे मोजत होतो. एकशे अठरा. एकशे दहा. एकशे दोन.

"उतरला का रे ताप?" मावशींनी विचारले.

"उतरला," लाहू म्हणाला आणि गाडी काढली.

रुग्णालयात पोचलो तेव्हा चाळीस मिनिटे उशीर झाला होता. हिरकणी सिस्टरनी पाचही खाटा राखून ठेवल्या होत्या. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या. संध्याकाळी गंजाडला थांबून लाहूने ती पिशवी मयूरीला दाखवली. मयूरी गाडीखाली शिरली, तेल काढून तिने बोटावर चोळून पाहिले. ते लाल आणि स्वच्छ होते. ती तिथूनच ओरडली, "काही झालेलं नाही, लाहूदादा!" मग बाहेर येऊन, हात पुसून, तिने मला एकदा हळूच थोपटले.

मित्रांनो, आता माझे वय झाले आहे. मोबाइलशी बोलताना मधेच माझा आवाज तुटतो. मयूरीकडे नवे, मोठ्या पडद्याचे यंत्र आले आहे. ते मला न विचारता सगळे काही सांगते. एक दिवस तेच या गाडीतही येईल. त्याचे मला वाईट वाटत नाही. तुमच्या घरीही माझ्यासारखी यंत्रे असतील, ताप मोजणारी, वजन करणारी, रक्त तपासणारी. त्यांना ओलीत ठेवू नका. ती बरोबर सांगतात की नाही, हे अधूनमधून पडताळून पाहा. त्यात त्यांचा अपमान नसतो. आणि कधी एखाद्या पडद्यावरचा आकडा एखाद्या माणसाकडे बोट दाखवू लागला, तर त्या माणसाला आधी बसायला द्या, पाणी द्या आणि विचारा, "तुला काय वाटतं?" त्याचे म्हणणे पुरते ऐकून झाले की मग खुशाल माझ्याकडे बघा. तोवर मी थांबतो.